रेडिओ स्कॅनरमधील खरखर

अनेक वाहिन्या आपोआप चाळत जाणाऱ्या, हातात मावणाऱ्या रेडिओ स्कॅनरवर हव्या त्या संभाषणात मिसळणारा, किंवा कोणी बोलत नसतानाही स्कॅनरला एखाद्या वाहिनीवर अडकवून ठेवणारा आवाज. शूंकार, खरखर, घरघर, टकटक, शीळ अशी त्याची रूपे आहेत आणि बहुतेक वेळा प्रत्येक रूपाचे कारण निराळे असते. म्हणून उपायांकडे वळण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा : आवाज शिरतो कुठून? अँटेनातून, चार्जरच्या वायरीतून, की तो यंत्राच्या पोटातच तयार होतो? याचा छडा न लावता मोठी अँटेना विकत घेणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मोठी अँटेना खरखरही तितक्याच उत्साहाने गोळा करते.

कोणतेही प्रक्षेपण नसताना एफएमवर ऐकू येणारा सलग ‘शूं’ हा मुळी बिघाड नव्हे. कोणत्याही वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून विद्युत गोंगाट निर्माण होतो, हे जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये मांडले. नेहमीच्या तापमानाला हा गोंगाट दर हर्ट्झमागे सुमारे −174 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत शक्ती सांगणारे एकक) असतो, 12.5 किलोहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत तो −133 डीबीएमच्या आसपास जातो. त्याखाली कोणताही रिसीव्हर उतरू शकत नाही. हा शूंकार कानावर पडू नये यासाठीच स्क्वेल्च असतो. एफएम रिसीव्हरमधला स्क्वेल्च साधारणपणे माणसाच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीतला गोंगाट मोजतो आणि तो वाढला की स्पीकर बंद करतो. तेव्हा स्कॅनर रिकाम्या वाहिन्यांवर थांबत असेल, तर स्क्वेल्चचे बटण शूंकार थांबेपर्यंत फिरवावे आणि तिथून केसभरच पुढे न्यावे. त्यापुढे नेल्यास खरखरीबरोबर क्षीण संदेशही गायब होतात.

गोंगाटाची जात ओळखण्याचे मोल किती, हे अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेचा अभियंता कार्ल जान्स्की याच्या कामातून दिसते. समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनला त्रास देणारी खरखर शोधण्यासाठी त्याने न्यू जर्सीतील होल्मडेल येथे गोल फिरणारी अँटेना उभारली आणि 20.5 मेगाहर्ट्झवर ऐकायला सुरुवात केली. जवळच्या वादळांची खरखर त्याने वेगळी काढली, दूरच्या वादळांची वेगळी काढली. तरीही एक मंद, स्थिर शूंकार उरला. तो रोज सुमारे चार मिनिटे लवकर येत होता, म्हणजे ताऱ्यांच्या वेळापत्रकाने चालत होता. 1933 मध्ये त्याने जाहीर केले की हा आवाज आकाशगंगेकडून येतो. घरातल्या खरखरीचा शोधही याच वाटेने घ्यायचा असतो : एकेक कारण बाजूला काढत.

पहिली पायरी म्हणजे चार्जर काढून स्कॅनर निव्वळ बॅटरीवर चालवणे. आवाज लगेच नाहीसा झाला, तर दोष चार्जरचा. आजचे चार्जर व अ‍ॅडॉप्टर स्विचिंग पद्धतीचे असतात. ते वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडतात-जोडतात आणि त्याचे पडसाद फार वरच्या वारंवारतांपर्यंत, ठरावीक अंतराने उमटत राहतात. डायल सावकाश पुढे नेताना घरघर सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा भेटली, तर स्विचिंग सप्लायवर संशय घ्यावा. दुसरी पायरी अँटेना काढण्याची. अँटेना काढल्यावर आवाज पडला तर तो बाहेरून येतो. जसाच्या तसा राहिला तर बहुधा आतला आहे. अँटेना पुन्हा बसवताना कनेक्टर हलकेच हलवून पाहावा. हलवताना ‘चर्रर्र’ झाले, तर मधली पिन सैल झालेली असते. व्हॉल्यूमचे बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर त्याचा रेडिओ लहरींशी संबंध नाही. आतल्या पट्टीवर धूळ बसलेली आहे आणि काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. इअरफोनची वायरही अँटेनासारखी वागते, म्हणून ती काढूनही एकदा ऐकावे.

आवाज बाहेरचा ठरला की तिसरी पायरी : स्कॅनर बॅटरीवर चालू ठेवून घराचा मेन स्विच बंद करणे. इन्व्हर्टर आणि यूपीएसही बंद करावेत, नाहीतर परीक्षा फसते. खरखर थांबली तर एमसीबी एकेक करून चालू करावेत. ज्या एमसीबीला ती परत येते त्यावरची उपकरणे एकेक तपासली की गुन्हेगार सापडतो. एलईडी दिवा, पंख्याचा डिमर, टीव्ही, सौर इन्व्हर्टर आणि राउटर हे नेहमीचे संशयित. राउटरची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. इथरनेटच्या चिपला बहुधा 25 मेगाहर्ट्झचा स्फटिक ताल देतो, त्यामुळे 125, 150, 175 मेगाहर्ट्झवर त्याचे पडसाद मिळू शकतात. यातला 125 थेट विमानांच्या 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. हा पट्टा एएमचा, म्हणजे लहरीच्या जोरात चढउतार करून आवाज पाठवण्याच्या पद्धतीचा; ठिणगी आणि स्विचिंगचा गोंगाट एएममध्ये अधिक उघडा पडतो.

उपकरण टाकून देणे शक्य नसेल, तर त्याच्या वायरीवर, शक्य तितके उपकरणाजवळ, फेराइटचे (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकचे) कडे बसवावे. वायर कड्यातून एकदा ओवण्याऐवजी तीनदा ओवली, तर खालच्या वारंवारतांना अडथळा सुमारे नऊपट होतो. फार वरच्या वारंवारतांना मात्र इतका लाभ मिळत नाही. स्कॅनर दोन-तीन मीटर दूर नेणे हाही खरा उपाय आहे आणि तो फुकट आहे.

भक्कम प्रक्षेपकाच्या जवळ गेल्यावर अनेक वाहिन्यांवर एकाच वेळी गोंधळ माजतो. इथे दोष गोंगाटाचा नसून रिसीव्हरचे पुढचे दार दाबाखाली वाकल्याचा असतो. 152 आणि 153 मेगाहर्ट्झचे दोन जोरदार संदेश एकदम आत घुसले, तर 151 आणि 154 वर त्यांची भुते उभी राहतात. याची कसोटी सुंदर आहे : स्कॅनरवरचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे आत येणारे संदेश ठरावीक प्रमाणात क्षीण करणारी सोय, चालू करावा. तो 10 डेसिबलचा असेल, तर खरा संदेश 10 डेसिबलनेच उतरतो, पण ही भुते 30 डेसिबलने कोसळतात. एफएम प्रसारण केंद्रामुळे त्रास होत असेल, तर 88 ते 108 मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अँटेनाच्या वाटेत बसवणे अधिक चांगले. 10.7 मेगाहर्ट्झची मध्यवर्ती वारंवारता (आलेला संदेश यंत्रात जिच्यावर उतरवला जातो ती) वापरणाऱ्या यंत्रात प्रतिमाही भेटते. खऱ्या स्टेशनापासून 21.4 मेगाहर्ट्झ अंतरावर तेच स्टेशन पुन्हा ऐकू येते, उदाहरणार्थ 121.5 चे बोलणे 142.9 वर.

यंत्राच्या स्वतःच्या ऑसिलेटरमधून येणाऱ्या संदेशांना ‘बर्डी’ म्हणतात. एफएमवर ती ऐकू येते ती शांतता म्हणून : स्कॅनर थांबतो, शूंकार मिटतो आणि कोणीच बोलत नाही. कोणत्याही गावी नेले आणि अँटेना काढली तरी ती त्याच वारंवारतेवर मिळते. तिला लॉकआउट करून, म्हणजे ती वारंवारता स्कॅनरला वगळायला सांगून, पुढे जावे; दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

कधीकधी खरखर ही खरखर नसतेच. डीएमआरसारख्या वॉकी-टॉकींच्या डिजिटल पद्धतीतले संभाषण साध्या स्कॅनरवर करवतीसारखे घरघरते, कारण त्यात 30 मिलिसेकंदांचे तुकडे पाठवले जातात. आवाजाखालची मंद गुणगुण ही 67 ते 254.1 हर्ट्झमधील सीटीसीएसएस सूर, म्हणजे आपल्या गटाचाच संदेश ओळखण्यासाठी आवाजाखाली सोडलेला सूर, असू शकते. दर सेकंदाला एक ‘टक’ बहुधा विजेच्या कुंपणाचा.

शंभर किंवा एकशेवीस हर्ट्झची जाडसर घरघर, कोरड्या वाऱ्यात वाढणारी आणि पावसात विरणारी, ही बाहेरच्या वीजवाहिनीवरच्या ठिणगीची असते. सैल बोल्ट आणि तडकलेले इन्सुलेटर तिचे कारण. शोधासाठी स्कॅनर एएमवर ठेवून छातीशी धरावा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरावे. आपले शरीर आड येते आणि आवाज सर्वांत क्षीण होतो, तेव्हा उगम पाठीमागे असतो. दोन-तीन ठिकाणी असे करून दिशा जुळवाव्यात. जवळ गेल्यावर वारंवारता वाढवत न्यावी, कारण वरच्या वारंवारतांचा गोंगाट दूरवर पोचत नाही. तो जिथे ऐकू येतो तिथे खांब जवळच असतो. त्या खांबाला हात लावू नये, ठोकू तर मुळीच नये. त्याचा क्रमांक टिपून वीज कंपनीला कळवावा.