‘बूट पार्टिशन’ म्हणजे नेमके कोणते? : पार्श्वभूमी

नव्या डिस्कवर लिनक्स बसवताना ग्रब हा बूट लोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणाली चालू करून देणारा प्रोग्राम, कधी कधी शेवटच्या टप्प्यावर अडतो आणि ‘या जीपीटी डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नाही’ अशा अर्थाची सूचना देतो. (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला भाग, जीपीटी हा अशा भागांच्या नोंदींचा नवा तक्ता आणि बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारा, यंत्रातच बसवलेला प्रोग्राम.) बसवणारा चक्रावतो, कारण पाचशे मेगाबाइटांचे स्वतंत्र ‘/बूट’ पार्टिशन त्याने दहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने केलेले असते. मग तो त्यालाच ‘बूट’ हा फ्लॅग, म्हणजे खूण, लावून पुन्हा प्रयत्न करतो आणि तीच सूचना पुन्हा पाहतो. यात त्याची चूक फारशी नाही. गेल्या चाळीस वर्षांत ‘बूट पार्टिशन’ या एका नावाखाली निदान चार निराळ्या गोष्टी जमा झाल्या आहेत.

त्यांतला सर्वांत जुना अर्थ १९८३ चा आहे. त्या वर्षी पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर पीसीच्या हार्ड डिस्कचे भाग पाडण्याची सोय आली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधले (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा) ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींना आणि उरलेले २ बाइट ओळखखुणेला, अशी वाटणी ठरली. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट ते पार्टिशन ‘सक्रिय’ आहे की नाही एवढेच सांगत असे. पहिल्या सेक्टरमध्ये स्वतः जाऊन बसणाऱ्या लिनक्सच्या लोडरांना या खुणेची गरज नसते. तरीही सक्रिय पार्टिशन नसलेली डिस्क काही बायोस स्वीकारतच नसत, म्हणून ‘बूट फ्लॅग लावून पाहा’ हा सल्ला टिकून राहिला.

‘/बूट’ या स्वतंत्र पार्टिशनाचा उगम मात्र बायोसच्या एका मर्यादेत आहे. नव्वदच्या दशकात लिलो हा लिनक्सचा नेहमीचा लोडर होता आणि डिस्क वाचण्यासाठी तो बायोसवर अवलंबून होता. बायोसला १०२४ सिलिंडरांपलीकडे (सिलिंडर म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांचा गट) पाहता येत नसे. १६ हेड आणि ६३ सेक्टर धरले तर ही हद्द सुमारे ५०४ मेबीबाइटांवर येते. पुढे हेडांची संख्या वाढवून दाखवण्याच्या युक्तीने ती ८.४ गिगाबाइटांपर्यंत सरकली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्राम, त्या रेषेच्या अलीकडेच राहावे म्हणून डिस्कच्या सुरुवातीला एक छोटे पार्टिशन काढून ठेवण्याची रीत पडली. शिवाय लिलो कर्नलचे नाव नव्हे, तर डिस्कवरचा त्याचा पत्ताच लिहून ठेवत असे. त्यामुळे कर्नल बदलल्यावर लिलो पुन्हा चालवायला विसरलेल्या माणसाला पडद्यावर ‘एल-आय’ ही दोनच अक्षरे पाहत बसण्याची वेळ येऊ शकत असे. ती हद्द आज इतिहासजमा झाली असली, तरी कूटबद्ध डिस्क आणि एलव्हीएम (डिस्कांची जागा एकत्र करून वाटण्याची लिनक्सची सोय) यांच्या निमित्ताने ‘/बूट’ची गरज मागल्या दाराने परत आली.

खरा वाद पुढे ग्रबच्या काळात उभा राहिला. पार्टिशने ट्रॅकच्या सीमेवरून सुरू करण्याच्या जुन्या प्रथेमुळे पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरवर सुरू होई, आणि पहिला सेक्टर सोडला तर मधले ६२ सेक्टर, म्हणजे ३१,७४४ बाइट, रिकामे राहत. ही जागा कोणत्याही नियमाने कोणालाही दिलेली नव्हती. ४४६ बाइटांत फाइल सिस्टीम वाचण्याइतका प्रोग्राम बसणे अशक्य, म्हणून जुन्या ग्रबने आपला मधला टप्पा तिथे ठेवला आणि २००९ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या प्रमाणावर वापरात आलेल्या ग्रब २ ने आपला गाभाच तिथे हलवला. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर झोपडी बांधावी, तसाच हा प्रकार होता. सोय उत्तम झाली, पण सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता.

त्यामुळे दुसराही कोणी तिथे येणे अटळ होते. विंडोजवरचे काही विकत घेतलेले प्रोग्राम आपल्या परवान्याची खूण याच रिकाम्या सेक्टरांत लिहीत. त्या सुमारास माझ्या यंत्रावर दोन्ही प्रणाली होत्या. रात्री विंडोजमध्ये असा एक प्रोग्राम उघडला आणि सकाळी ग्रबच्या मेन्यूऐवजी काळा पडदा समोर आला. मी दोनदा ग्रब नव्याने बसवले, दोनदा तेच घडले, आणि डिस्क खराब झाली असे समजून नव्या डिस्कची किंमतही विचारून आलो. २०११ साली आलेल्या १.९९ आवृत्तीपर्यंत ग्रबने यावर दोन उपाय केले: अशा परक्या खुणा ओळखून तो सेक्टर वगळायचा, आणि गाभ्याबरोबर चूक दुरुस्त करणारी संकेतावली ठेवायची, म्हणजे एखादा सेक्टर पुसला गेला तरी भागते. आपण परक्या जागेत राहतो याची ती एका परीने कबुलीच होती, असे मला वाटते.

याउलट, लोडरने लिनक्सच्या पार्टिशनातच राहावे आणि पहिला सेक्टर मूळचाच ठेवावा, असे म्हणणारा मोठा गट होता, विशेषतः विंडोज सांभाळून असणाऱ्यांचा. ग्रब २ ने ही वाट जवळजवळ बंद केली. पार्टिशनात बसवायला सांगितले की तो ‘ब्लॉकयाद्या (फाइलीच्या डिस्कवरच्या पत्त्यांच्या याद्या) बेभरवशाच्या आहेत’ असा इशारा देऊन थांबे आणि सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय पुढे जात नसे. तांत्रिकदृष्ट्या इशारा बरोबरच होता, कारण फाइल सिस्टीमने फाइल हलवली की नोंदवलेला पत्ता चुकतो. परंतु लिलोला ज्या दोषासाठी नावे ठेवली, तोच हा दोष. आणि त्यावरचा पर्याय म्हणून मालकी नसलेली जागा पुढे करणे मला कधीच पटले नाही.

ग्रब मध्येच अडला की पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ ही ओळ दिसते, ती बहुधा गाभा शाबूत असताना आणि त्याला ठाऊक असलेले पार्टिशन जागेवर नसताना. ५ क्रमांकाचे लॉजिकल (पहिल्या चार नोंदींपलीकडचे) पार्टिशन पुसले की सहावे आपोआप पाचवे होते आणि ग्रब मात्र सहाव्याच्याच शोधात राहतो. तिथे ‘एलएस’ने पार्टिशनांची यादी पाहायची, एकेक उघडून ग्रबची डिरेक्टरी शोधायची, ‘सेट’ने प्रीफिक्स आणि रूट (ग्रबच्या डिरेक्टरीचा आणि तिच्या पार्टिशनाचा पत्ता) दुरुस्त करायचे आणि ‘नॉर्मल’ मॉड्यूल भरून तीच आज्ञा द्यायची. यंत्र सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवला नाही, तर दुसऱ्या दिवशी हेच सारे नव्याने करावे लागते. जुन्या ग्रबमध्ये पहिले पार्टिशन शून्य क्रमांकाचे होते, नव्यात ते एक झाले, पण पहिली डिस्क शून्यच राहिली. जुनी टिपणे समोर ठेवून दुरुस्ती करणारे यामुळे नेमके शेजारच्या पार्टिशनात पोहोचत.

जीपीटी आल्यावर ती पडीक जमीन संपली. जुन्या तक्त्यात सेक्टर मोजायला ३२ बिट असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क २ टेबीबाइटांपुढे वापरता येत नसे. जीपीटीने ती अडचण सोडवली, पण सुरुवातीचा १ क्रमांकाचा सेक्टर तक्त्याच्या शीर्षकाला आणि पुढचे ३२ सेक्टर १२८ नोंदींना दिले. बायोसवर जीपीटी डिस्क सुरू करायची तर ग्रबच्या गाभ्याला रीतसर घर हवे होते, आणि तेच बायोस बूट पार्टिशन. साधारण १ मेबीबाइट पुरते. त्यात फाइल सिस्टीम नसते, ते माउंट करायचे नसते आणि फॉर्मॅट केले तर आतला गाभा जातो. त्याच्या प्रकाराचा ओळखक्रमांक डिस्कवर अक्षरांत वाचला, तर ‘हा! मला ईएफआय नको’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य निघते. (ईएफआय म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत.) माझ्या लेखी तक्रार एवढीच, की नाव ठेवताना हीच कल्पकता दाखवून ‘बूट’ हा शब्द टाळायला हवा होता.

चौथा अर्थ यूईएफआयचा, म्हणजे त्याच ईएफआयच्या पुढच्या रूपाचा आहे. त्याचे सिस्टीम पार्टिशन फॅट प्रकारचे असते आणि लोडर तिथे साध्या फाइलीच्या रूपात राहतो. मात्र पार्टेड या साधनात जीपीटी डिस्कवर ‘बूट’ फ्लॅग लावणे म्हणजे त्या पार्टिशनाचा प्रकारच ईएफआय सिस्टीम असा करणे. जुन्या तक्त्याच्या डिस्कवर तोच फ्लॅग ‘सक्रिय’ ही खूण लावतो. सुरुवातीला सांगितलेल्या माणसाची फसगत इथेच झाली. विंडोजच्या परिभाषेने त्यात आणखी भर घातली आहे, कारण तिथे लोडर असतो ते ‘सिस्टीम पार्टिशन’ आणि प्रणाली असते ते ‘बूट पार्टिशन’.

यूईएफआयवरच्या अडचणींचे स्वरूपही बदलले. लोडर जागेवर असूनही फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रामच्या) स्मृतीतली त्याची नोंद पुसली जाते, किंवा यूएसबीवरची प्रणाली बायोस पद्धतीने सुरू केल्यामुळे दुरुस्तीच चुकीच्या पद्धतीने होते. २०१२ नंतर सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच लोडर चालू देणारी सोय, आले. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधण्याचे काम ग्रबने मुळात बंद ठेवले आणि अनेकांच्या मेन्यूतून विंडोज नाहीसे झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर विंडोजच्या एका अद्यतनानंतर अनेक यंत्रांवर लिनक्सचा सही असलेला लोडर कालबाह्य ठरवून नाकारला गेला.

जुने अर्थ मात्र मावळलेले नाहीत. एका लोकप्रिय लिनक्स वितरणाचा भाड्याचा आभासी सर्व्हर घेऊन ‘एलएसबीएलके’ ही पार्टिशनांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली, तर १ क्रमांकाच्या मूळ पार्टिशनापाठोपाठ १४ क्रमांकावर ४ मेबीबाइटांचे बायोस बूट पार्टिशन, १५ वर ईएफआयचे आणि २०२४ च्या आवृत्तीपासून १६ वर ‘/बूट’, अशी तिन्ही एकाच डिस्कवर दिसतात.