फॅशियातील ताण आणि जुनाट वेदना

फॅशिया : स्नायू, हाडे, मज्जातंतू, रक्तवाहिन्या व आतले अवयव यांना वेढणारे आणि एकमेकांशी जोडून ठेवणारे संयोजी ऊतक. मटण कापताना स्नायूंवर दिसणारा पांढरट, चिवट पापुद्रा हा फॅशियाच. ते मुख्यतः कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे असते. थरांच्या मध्ये हायल्युरॉनन हा बुळबुळीत पदार्थ असल्याने ते एकमेकांवरून सहज सरकतात. शवविच्छेदनात हे ऊतक पुष्कळदा नुसते वेष्टन समजून कापून बाजूला टाकले जाई. २००७ मध्ये बॉस्टनला पहिली आंतरराष्ट्रीय फॅशिया संशोधन परिषद भरली आणि या विषयाला स्वतंत्र स्थान मिळू लागले.

सर्वांत भक्कम काम कंबरदुखीवर झाले आहे. पाठीच्या खालच्या भागातल्या फॅशियाचे जाड थर पाठ, पोट व नितंब यांच्या स्नायूंचा जोर पेलतात. अमेरिकेतील हेलेन लँजेव्हिन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अल्ट्रासाउंडने हे थर हलताना पाहिले. जुनाट कंबरदुखी असलेल्यांमध्ये त्यांचे सरकणे सुमारे २० टक्के कमी आढळले. मात्र थर आखडले म्हणून कंबर दुखते, की दुखते म्हणून माणूस जपून हालतो आणि थर आखडतात, हे अशा एका वेळच्या मोजणीतून ठरत नाही. फॅशिया स्वतः दुखू शकते, एवढे नक्की. २०१४ मध्ये जर्मनीत निरोगी व्यक्तींच्या पाठीत मिठाचे तीव्र द्रावण टोचण्यात आले. त्वचेखाली किंवा स्नायूत टोचल्यापेक्षा फॅशियात टोचल्यावर वेदना अधिक काळ टिकली आणि दूरवर पसरली.

मानसिक ताणाचा संबंध कसा लागतो? ताणात मान, खांदे, जबडा यांचे स्नायू नकळत आवळलेले राहतात, झोप बिघडते, हालचाल घटते आणि मेंदू वेदनेच्या संदेशांना अधिक संवेदनशील होतो. फॅशियातही अनुकंपी मज्जातंतू, म्हणजे ताणाच्या वेळी कामाला लागणाऱ्या मज्जासंस्थेचे धागे, मोठ्या संख्येने आहेत. शिवाय तिच्यातील मायोफायब्रोब्लास्ट या पेशी आकुंचन पावू शकतात. मात्र स्नायूच्या तुलनेत फार सावकाश आणि क्षीण जोराने. यावरून ताण थेट फॅशिया आवळतो, अशी मांडणी केली जाते. ती विचारात घेण्याजोगी आहे, पण रुग्णांमध्ये ही साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवली गेलेली नाही. फॅशियात जुन्या भावना किंवा आघात ‘साठून’ राहतात, या दाव्याला तर काहीच आधार नाही. वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्याला अशा दाव्यावर महागडे उपचार विकणे अन्यायाचे आहे.

मालिश, मायोफॅशियल रिलीज (फॅशियावर हाताने सावकाश दाब व ताण देण्याची पद्धत), फोम रोलर (ज्यावर अंग घोळवतात तो फोमचा दंडगोल) यांनी अनेकांना बरे वाटते आणि ते बरे वाटणे खरे असते. मात्र हातांच्या दाबाने फॅशिया ‘मोकळी’ होते, हे स्पष्टीकरण टिकत नाही. २००८ च्या एका गणिती अभ्यासानुसार तळपायाची किंवा मांडीच्या बाहेरील बाजूची घट्ट फॅशिया केवळ एक टक्का दाबण्यासाठीही हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल. आराम पडतो तो बहुधा मज्जासंस्थेच्या प्रतिसादामुळे. रोलरने वाढलेली लवचीकताही सहसा थोडाच वेळ टिकते. जुनाट कंबरदुखीत नियमित व्यायामाचा फायदा अधिक चांगल्या रीतीने सिद्ध झालेला आहे.