चमक वॅक्सच्या डब्यात नसते

"शंभर टक्के कार्नुबा घे, गाडी आरशासारखी होईल," हा सल्ला सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात दोन घोळ आहेत.

कार्नुबा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते दगडासारखं कडक, वितळायलाच ८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान हवं. फडक्याने पसरावं म्हणून त्यात तेलं आणि द्रावक घालावेच लागतात. तेव्हा अख्खा डबा कार्नुबाचा असणं शक्यच नाही.

दुसरा घोळ मोठा. चमक येते ती क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गुळगुळीत असल्यामुळे. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. रोज सकाळी धुळीवरून कोरडं फडकं फिरवल्याची ही कमाई! (गाडी पुसणाऱ्यालाच का बोल लावा, आपणही तेच करतो.) वॅक्स हे ओरखडे थोडे झाकतं, घालवत नाही. ते घालवतं पॉलिश, कारण ते क्लिअरकोटचा अगदी पातळ थर घासून काढतं. म्हणूनच ते दर महिन्याला करायचं नसतं.

मग वॅक्स कोणतं घ्यावं? आधी गाडी धुवा, मग प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी. त्यानंतर टिकाऊपणा हवा तर सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखंच, पण कृत्रिम संरक्षक लेपन), हाताने चोळण्याची हौस असेल तर कार्नुबा. थर मात्र पातळच. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना खांदा तेवढा दुखतो.