देवदास : कादंबरीचे मूळबरहुकूम चित्रपटरूपांतर

अभिजात प्रेमकथात्मक कादंबरी पडद्यावर आणताना तिचे कथानक, पात्रे, काळ आणि मुख्य म्हणजे तिचा भाव शक्य तितका मूळबरहुकूम राखण्याचा जो प्रयत्न केला जातो, त्याला मूलनिष्ठ रूपांतर म्हणतात. भारतीय चित्रपटसृष्टीत अशा रूपांतराची कसोटी शरच्चंद्र चट्टोपाध्याय (१८७६–१९३८) यांच्या ‘देवदास’ या बंगाली कादंबरीवर जितक्या वेळा लागली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या कादंबरीवर लागली असेल. शरच्चंद्रांनी ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ऐन तारुण्यात लिहिली. ती पुस्तकरूपाने १९१७ साली प्रसिद्ध झाली. स्वतः लेखकाला ती छापण्याचा संकोच वाटत होता, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांतली तिची लोकप्रियता पाहता गमतीची वाटते.

कादंबरी लहानखुरी आहे. तालसोनापूर या गावातील जमीनदार मुखर्जींचा मुलगा देवदास आणि शेजारच्या चक्रवर्तींची मुलगी पार्वती ही बालपणीची जोडी. मुली देताना वरपक्षाकडून पैसा घेणारे घराणे, आणि तेही घराला घर लागून असलेले, म्हणून मुखर्जी हा संबंध नाकारतात. पार्वती रात्री एकटी देवदासच्या खोलीत येऊन आपले मन उघड करते, तरी वडिलांपुढे उभे राहण्याचे धैर्य त्याला होत नाही. तो कोलकात्याला निघून जातो, तिथून तिला तोडून टाकणारे पत्र लिहितो आणि पत्र टपालात पडल्यावर पस्तावतो. पार्वतीचे लग्न हातीपोता येथील मोठ्या मुलांच्या बिजवर जमीनदाराशी होते. देवदास चुनीलाल या मित्राच्या संगतीने चंद्रमुखी या गणिकेच्या घरी पोहोचतो आणि दारूच्या आहारी जातो. पार्वतीच्या दारी येण्याचे वचन तो मरणापूर्वी पाळतो, पण तिला त्याचा पत्ता लागतो तो सारे संपल्यावर.

इतके कथानक पडद्यावर बसवणे अवघड नाही. अवघड आहे तो निवेदक. शरच्चंद्रांचा निवेदक देवदासचे समर्थन करत नाही आणि त्याला झिडकारतही नाही. त्याच्या दुबळेपणाची नोंद तो कोरडेपणाने करतो आणि शेवटच्या परिच्छेदात एकाएकी वाचकाकडे वळून, असा कोणी अभागी कधी भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, निदान मरताना कोणाचा तरी मायेचा हात त्याच्या कपाळावर असावा, अशी विनवणी करतो. कॅमेऱ्याला असे वळून बोलता येत नाही. त्यामुळे प्रसंगामागून प्रसंग उतरवून घेतले तरी ही करुणा निसटू शकते, आणि उलट एखादा नव्याने रचलेला प्रसंग तिला अचूक पकडू शकतो. रूपांतर मुळाशी इमानी आहे की नाही हे ठरवताना गाळलेले आणि घातलेले प्रसंग मोजण्याची समीक्षकांची सवय म्हणूनच फारशी कामाची नाही.

याचा पहिला ठळक दाखला कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली काढलेल्या बंगाली ‘देवदास’मध्ये मिळतो. (त्याआधी १९२८ साली नरेश मित्र यांनी याच कादंबरीवर मूकपट केला होता.) दिग्दर्शक प्रमथेश बरुआ यांनी नायकाची भूमिका स्वतःच केली, लगोलग आलेल्या हिंदी आवृत्तीत ती कुंदनलाल सैगल यांच्याकडे गेली. अखेरच्या रेल्वेप्रवासात देवदास ग्लानीत हाक मारतो, त्याच क्षणी दूर हातीपोत्याला पार्वती अडखळते आणि पुन्हा गाडीत देवदास बाकावरून खाली कोसळतो: अशी तीन दृश्ये बरुआंनी एकापुढे एक जोडली. कादंबरीत हे असे कुठेही नाही. परंतु दोघांमधले जे अंतर लेखक शब्दांनी पार करतो, ते इथे केवळ संकलनाने पार झाले. पुस्तकात नसलेली गोष्ट घालूनही रूपांतर मुळाला धरून राहू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सहसा सापडत नाही. सैगलांची ‘बालम आये बसो मोरे मन में’ आणि ‘दुख के अब दिन बीतत नाहीं’ ही गाणीही तशीच, मुळाबाहेरची पण मुळाच्या सुरातली.

त्या हिंदी आवृत्तीचे छायाचित्रण बिमल रॉय यांनी केले होते. वीस वर्षांनी, १९५५ साली, मुंबईत त्यांनी स्वतः ‘देवदास’ दिग्दर्शित केला. पटकथा नवेंदु घोष यांची, संवाद राजिंदरसिंह बेदी यांचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे, तर भूमिकांत दिलीपकुमार, सुचित्रा सेन, वैजयंतीमाला आणि मोतीलाल होते. मूळबरहुकूम रूपांतराचा नमुना म्हणून बहुधा हाच चित्रपट पुढे केला जातो, आणि ते योग्यच आहे. पाठशाळा, रात्रीची भेट, पत्र, चंद्रमुखीचे पहिले दर्शन आणि त्या वेळचा देवदासचा तिरस्कार हे सारे क्रमाने येते, तरी चित्रपट पुस्तकाची पाने उलटत बसल्यासारखा वाटत नाही. पार्वती आणि चंद्रमुखी कादंबरीत एकमेकींना कधीही भेटत नाहीत. रॉय त्यांना एकदाच रस्त्यावर समोरासमोर आणतात, एक पालखीत आणि दुसरी पायी. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने जातात. ही भर घालताना मुळातला अबोला त्यांनी मोडला नाही. दोन स्त्रियांना असे समान वजन देणाऱ्या मांडणीमुळेच असेल, वैजयंतीमाला यांनी चंद्रमुखीच्या भूमिकेसाठी मिळालेला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार नाकारला. आपली भूमिका दुय्यम नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

एकच प्रसंग जवळून पाहिला तर निष्ठेचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कादंबरीत लग्न ठरल्यावर घाटावर पाणी भरायला आलेल्या पार्वतीला देवदास गाठतो. ती आता मानी झालेली आहे, त्याला टोचून बोलते. चंद्र इतका सुंदर म्हणूनच त्याच्यावर डाग आहे, असे म्हणत तो हातातल्या मासेमारीच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो, आणि रक्त येताच आपला पातळ सदरा फाडून, पाण्यात भिजवून तिची जखम बांधतो. क्रूरपणा आणि माया एकाच हाताने घडतात, ही या प्रसंगाची जान आहे. काठी ही खेड्यातल्या रिकामटेकड्या मुलाच्या हाती सहज असणारी वस्तू. ती उगारली जाते तेव्हा त्यात नाटक नसते. संजय लीला भन्साळी यांच्या २००२ सालच्या चित्रपटात हीच जखम मोत्यांच्या हाराने होते. दृश्य देखणे आहे, पण जखमेला दागिना लागला की तिच्यातला गावठीपणा जातो आणि त्याबरोबर लाजही जाते.

भन्साळींचा चित्रपट त्या वेळचा सर्वांत खर्चिक हिंदी चित्रपट मानला गेला आणि कान महोत्सवात तो दाखवला गेला. शाहरुख खानचा देवदास कोलकात्याऐवजी लंडनहून परततो. नकाराचे कारण भर समारंभात पार्वतीच्या आईच्या अपमानाच्या रूपाने येते. आणि ऐश्वर्या राय (पार्वती) व माधुरी दीक्षित (चंद्रमुखी) ‘डोला रे’ या गाण्यावर एकत्र नाचतात. जी भेट लेखकाने टाळली आणि रॉय यांनी नजरेपुरती ठेवली, तिचा इथे उत्सव झाला. महाल आणि कोठे उभारणाऱ्या नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला व तो यथार्थच होता. मात्र चक्रवर्तींचे शेजारचे साधे घर त्या वैभवात हरवले, आणि दोन घरांमधली दरी कशामुळे होती हे समजेनासे झाले. या चित्रपटाला वाईट म्हणण्याचे कारण नाही. त्याला मूलनिष्ठ म्हणता येत नाही, एवढेच.

लांबी हा या पद्धतीतला व्यावहारिक प्रश्न आहे. ‘देवदास’सारखी छोटी कादंबरी अडीच-तीन तासांत मावते. जेन ऑस्टिन यांची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ६१ प्रकरणांची आहे. १९४० सालच्या हॉलिवूडपटाला ती खूपच आटवावी लागली, तर बीबीसीने १९९५ साली सहा भागांची मालिका करून बहुतेक प्रसंग वाचवले. तिथेही निवेदकाचा प्रश्न सुटला नव्हताच. श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवी असणारच, हे पुस्तकाच्या आरंभीचे निवेदकाचे उपरोधिक वाक्य पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी नायिकेच्या तोंडी घातले. तळ्यात उडी मारून ओल्या सदऱ्याने समोर येणारा नायक डार्सी मात्र पुस्तकात शोधून सापडणार नाही, आणि प्रेक्षकांच्या लक्षात सर्वांत जास्त राहिला तो तोच.

मराठी वाचकांची शरच्चंद्रांशी ओळख चित्रपटांइतकीच अनुवादांतून झाली. मामा वरेरकर यांनी त्यांचे साहित्य मराठीत आणले. पुस्तक आधी वाचलेला प्रेक्षक चित्रपटगृहात वेगळ्या अपेक्षेने बसतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते कसे होते याकडे त्याचे लक्ष राहते, आणि मूलनिष्ठ रूपांतराची खरी मागणीही त्याच्याकडूनच येते.

तेलुगूत वेदांतम राघवय्या यांचा ‘देवदासु’ (१९५३) अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री यांच्या भूमिकांमुळे गाजला. अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’ने (२००९) कथा आजच्या पंजाबात आणि दिल्लीत नेली आणि नायकाला जिवंत ठेवले, ते स्वैर रूपांतर असल्याने त्याचा विचार वेगळ्या निकषांवर करावा लागतो.