फिश टँकचं पाणी अचानक बिघडलं? आधी फिल्टर धुवायला घेऊ नका

गणपतीला गावी गेलेली मंडळी परत आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. शेजारच्यांनी पाच-सात दिवस मायेने सकाळ-संध्याकाळ मूठ मूठ दाणे टाकलेले असतात, पाणी दुधासारखं झालेलं असतं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. मग माणूस घाबरतो, मासे बादलीत काढतो, रेती, दगड, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली खसाखसा धुतो, टँक एकदम चकाचक, आणि चार दिवसांत मासे जातात. फार वाईट वाटतं हे बघून, कारण त्यातले बरेचसे वाचू शकले असते.

होतं काय, की उरलेलं खाणं आणि माशांची घाण यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे काचेसारखं स्वच्छ पाणीसुद्धा विषारी असू शकतं. स्पंजमध्ये आणि बायो रिंग्जवर (फिल्टरमधल्या सच्छिद्र रिंगांवर) राहणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायलाच, त्यात हे कामाचे बॅक्टेरियापण मरतात आणि परत नीट तयार व्हायला चार-सहा आठवडे सहज जातात.

म्हणून पहिलं काम, खाणं बंद. मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी आरामात राहतात. एअर पंप चालू ठेवा. एखादा मासा मरून लाकडामागे किंवा फिल्टरखाली अडकलाय का ते नीट बघा, बऱ्याचदा मूळ तिथेच सापडतं. मग तळातून सायफनने एक तृतीयांश ते अर्धं पाणी काढा आणि अँटीक्लोरिन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा. २ बाय १ बाय १ फुटाचा टँक म्हणजे साधारण ५६ लिटर, त्यामुळे २५ लिटर बदललं तरी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी टेस्टमध्ये अमोनिया दिसला तर परत तेवढंच बदला.

एक गोष्ट मात्र जपा. महिनोन्‌महिने पाणी बदललंच नसेल तर टँकचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) खाली गेलेला असतो, आणि कमी पीएचला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. त्यात बोअरिंगचं जड, जास्त पीएचचं पाणी एकदम ओतलं की तोच अमोनिया विषारी होतो. २५ डिग्रीला पीएच ७ असताना विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. अशा टँकमध्ये थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, दहा टक्के बदला.

निळं औषध (मिथिलीन ब्लू) उगाच टाकू नका, आजार नाहीये हा, उलट त्याने बॅक्टेरियाला त्रास होतो. लाईट बरेच तास गेली असेल तर कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) सुरू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी फेकून द्या, ते टँकमध्ये जाता कामा नये. स्पंज अगदीच तुंबला असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या, बस.

पाणी आमच्याकडे टेस्टला आणा, पैसे घेत नाही. साबण न लागलेली बाटली घ्या, आणि सॅम्पल पाणी बदलायच्या आधी काढा, नाहीतर खरा आकडा कळत नाही.