मानसशास्त्रातली संशोधनाची एम.ए. : एम.फिल. गेल्यानंतरचा प्रश्न आणि त्यामागची शंभर वर्षं

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्याने ‘मला संशोधनाकडे वळायचंय’ म्हटलं, की विभागात ठरलेलं उत्तर मिळायचं : आधी एम.ए. होऊ दे, मग एम.फिल. कर, पीएच.डी.चं नंतर बघू. ही मधली पायरी आता राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.ची नवी नियमावली आणली आणि एम.फिल. बंद झाली. त्यामुळे संशोधन शिकायचं कुठे, हा प्रश्न पुन्हा एम.ए.च्या वर्गात येऊन उभा राहिला आहे. पुन्हा म्हणायचं कारण असं, की भारतात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं तेच मुळी प्रयोगशाळेच्या आधाराने.

कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्र आधी तत्त्वज्ञानाच्या छत्राखाली शिकवलं जाई. ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम तयार केला आणि १९१६मध्ये स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्याची धुरा एन. एन. सेनगुप्ता यांच्याकडे आली. ते हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले, आणि म्युन्स्टरबर्ग हे वुंट यांचे शिष्य. जर्मनीत लाइपझिगला १८७९मध्ये ज्यांनी मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा सुरू केली, ते वुंट. म्हणजे कलकत्त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपर्यंत ही परंपरा दोनच पिढ्यांत पोहोचली होती.

त्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये गिरींद्रशेखर बोस होते. पेशाने डॉक्टर. १९१७मध्ये त्यांनी मानसशास्त्रात एम.एस्सी. केली आणि १९२१मध्ये दमनाच्या, म्हणजे नकोशा इच्छा-विचार मनाआड दडपले जाण्याच्या, संकल्पनेवर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यात ते आपले मतभेदही मांडत. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. रुग्ण तपासणारा माणूस पदव्युत्तर वर्गात येतो, आणि तिथे त्याला स्वतःच्या निरीक्षणांतून सिद्धांत मांडण्याचं बळ मिळतं. संशोधनाच्या एम.ए.कडून आणखी काय मागायचं?

म्हैसूरला १९२४मध्ये विभाग निघाला, तिथले एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला बुद्धिमापनाचे अभ्यासक स्पिअरमन यांच्याकडे तयार झाले होते. आपल्या भागात व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ती १९३०च्या दशकात. तिकडचे प्रश्न नुसते भाषांतर करून इकडच्या मुलाला विचारले, तर त्याची बुद्धी मोजली जात नाही. प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांवर तपासावा लागतो, वयाप्रमाणे नवी प्रमाणकं, म्हणजे तुलनेसाठीचे सरासरी गुण, काढावी लागतात. संशोधनाचं शिक्षण लागतं ते अशा कामासाठी.

पुणे विद्यापीठात १९५०मध्ये विभाग सुरू झाला तो ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ या नावाने, तर मुंबई विद्यापीठात १९५९मध्ये ‘उपयोजित मानसशास्त्र’ या नावाने. पुण्यातच १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी निघाली आणि तिथे प्रज्ञावंत मुलांच्या निवडीसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर (बुद्धी अनेक वेगवेगळ्या क्षमतांची बनलेली असते, असं मानणाऱ्या मांडणीवर) मराठीतून चाचण्या तयार झाल्या.

पुढे कॉलेजं वाढली, वर्ग भरले आणि प्रयोगशाळेची प्रॅक्टिकल झाली. आरशात बघून चांदणी गिरवायची, निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, जर्नल पूर्ण करून सही घ्यायची. निष्कर्ष आधीच ठाऊक असायचा. यातून शिस्त लागते हे खरं, पण प्रश्न स्वतः शोधायची सवय लागत नाही. ते काम एम.फिल.वर सोपवलं गेलं. संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि एक प्रबंधिका. अनेकांनी आयुष्यातला पहिला स्वतंत्र अभ्यास तिथेच केला.

चिकित्सा मानसशास्त्रात मात्र एम.फिल.चा अर्थच वेगळा होता. बेंगळुरूच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, १९५५च्या सुमारास वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली; तिचीच पुढे एम.फिल. झाली. नाव संशोधन पदवीचं, पण गाभा वॉर्डातल्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी या पदवीवर मिळू लागली आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत तिचा उल्लेख केला. म्हणूनच बाकी एम.फिल. थांबल्या तरी या शाखेला आयोगाने २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. ‘एम.फिल. करायचीय’ म्हणणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला संशोधक व्हायचं असे आणि दुसऱ्याला रुग्ण बघायचे असत. आजचा बराच गोंधळ इथून आला आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी दुसरं वर्ष पूर्णपणे संशोधनाला देणाऱ्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वाट मोकळी केली. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर आता थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नव्या आराखड्यात दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) ४ संशोधन पद्धतीला आहेत, आणि प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्यात ६. दहा श्रेयांकांत साहित्याचा आढावा, नैतिक परवानगी, नमुना, विश्लेषण आणि लेखन हे सगळं बसवायचं आहे. मार्गदर्शकाकडे चार-पाच विद्यार्थी असतील तर ते नीट होऊ शकतं. वीस असतील तर प्रश्नावली वाटून दोन गोष्टींमधला सहसंबंध काढण्यापलीकडे कुणीच जाणार नाही. प्रवेश घेताना विभागाच्या नावाआधी हा आकडा विचारावा, आणि गेल्या दोन वर्षांतले प्रकल्प ग्रंथालयात बसून वाचून बघावेत.