केसपेपरवरचा खोकला : दवाखान्यांतल्या श्वसनविकार पाहण्यांची पार्श्वभूमी

दवाखान्यात आलेल्या शंभर रुग्णांपैकी किती जण खोकला, दमा किंवा धाप यांच्यासाठी आले, हे मोजायला वरकरणी काहीच लागत नाही. रजिस्टर उघडायचं आणि नोंदी मोजायच्या. प्रत्यक्षात या मोजणीला शिस्त यायला फार काळ गेला. दोन प्रश्न सुटता सुटत नव्हते. रकान्यात नेमकं लिहायचं काय? आणि जे दवाखान्याची पायरी चढलेच नाहीत, त्यांचं काय?

मोजणी सुरू झाली ती मेलेल्यांपासून. लंडनचे व्यापारी जॉन ग्राँट यांनी तिथे दर आठवड्याला निघणाऱ्या मृत्यूंच्या याद्या एकत्र मांडल्या आणि १६६२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. क्षयाच्या खात्यावर बरेच मृत्यू दिसत होते. पण मृत्यूचं कारण ठरवायचं कोणी? घरोघर जाऊन प्रेत पाहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी. ग्राँटनीच लिहून ठेवलंय की पेलाभर मद्य पोटात गेलं आणि हातावर दुप्पट पैसे पडले, की या बायकांना गुप्तरोगाने झिजलेलं शरीर आणि क्षयाने झिजलेलं शरीर यांतला फरक कळेनासा होई. नोंद करणाऱ्याच्या हातात आकडा असतो, ही तक्रार इतकी जुनी आहे.

पुढेही बराच काळ याद्या मृत्यूंच्याच राहिल्या. जाक बर्टिलाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेलं वर्गीकरण मृत्यूच्या कारणांचं होतं. त्यावरून पुढे आजारांची आंतरराष्ट्रीय यादी घडली. जिवंत माणसाच्या आजारांना तिच्यात रीतसर जागा मिळाली ती १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. तोवर खोकत घरी परतणारा रुग्ण हिशेबात नव्हताच.

उपकरणं मात्र आधी आली. रने लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून छाती ऐकली, त्यातून स्टेथोस्कोप आला. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्रावर, केलेल्या २,१३० माणसांच्या मोजण्या मांडल्या. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, मुष्टियोद्धेसुद्धा होते. फुप्फुसांत मावणारी हवा वजनावर नव्हे तर उंचीवर ठरते, हे त्यातून दिसलं आणि ते आजही टिकून आहे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजण्याची कल्पना १९४७ ची, फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारा आणि डॉक्टरच्या टेबलावर मावेल असा पीक फ्लो मीटर १९५९ चा. तरीही आजच्या कित्येक दवाखान्यांत ‘सीओपीडी’ (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) हे निदान एकही फुंकर न मोजता लिहिलं जातं. पाहणीचा अहवाल वाचताना मी हे आधी शोधतो.

खरा पेच शब्दांचा होता आणि तो १९५० च्या दशकात ऐरणीवर आला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुकं बसून राहिलं. सुरुवातीच्या अंदाजात जादा मृत्यू सुमारे ४,०००, नंतरच्या विश्लेषणांत त्याच्या तिपटीपर्यंत. जुनाट ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनलिकांच्या जुनाट दाहाचा, अभ्यास तातडीचा झाला आणि तेव्हा लक्षात आलं की ज्या रुग्णाला ब्रिटिश डॉक्टर ब्राँकायटिस म्हणतो, त्यालाच अमेरिकी डॉक्टर एम्फिसीमा (फुप्फुसांतल्या वायुकोशांची झीज) म्हणतो. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले तर आजारांऐवजी डॉक्टरांच्या सवयींची तुलना होत होती. १९५८ मध्ये लंडनला तज्ज्ञांची बैठक भरली ती व्याख्या ठरवायलाच.

त्याच सुमाराला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने श्वसनाच्या लक्षणांची प्रमाणित प्रश्नावली तयार केली. ती १९६० पासून वापरात आली. तिच्यातला पहिलाच प्रश्न पाहा : हिवाळ्यात सकाळी उठल्याउठल्या तुम्हाला सहसा खोकला येतो का? प्रश्न साधा, पण सोबतच्या सूचना कडक. दिवसातल्या पहिल्या सिगारेटबरोबर किंवा घराबाहेर पडताक्षणी आलेला खोकला धरायचा. नुसतं खाकरणं धरायचं नाही, एखादा ठसकाही नाही. प्रश्न छापलाय तसाच विचारायचा आणि थोडं खोदून विचारूनही उत्तर डळमळीत असेल तर ‘नाही’ लिहायचं. वर्षातले किमान तीन महिने कफ पडतो आणि असं सलग दोन वर्षं घडलंय, ही जुनाट ब्राँकायटिसची ओळख याच घडामोडींतून रुळली. ती काटेकोर आहे म्हणून बरोबर आहे असं नाही. पण निदान दोन ठिकाणच्या माणसांना एकच प्रश्न विचारला गेला.

दवाखाना हीच पाहणीची जागा मानण्याचं श्रेय एका अर्थी विल्यम पिकल्स यांचं. यॉर्कशरच्या दऱ्याखोऱ्यांत प्रॅक्टिस करताना त्यांनी साथीच्या रुग्णांचे रोजचे तक्ते ठेवले आणि त्यांवर १९३९ मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे मे १९५५ ते एप्रिल १९५६ या वर्षात इंग्लंड-वेल्समधल्या १०६ प्रॅक्टिसनी आपापल्या रुग्णांची नोंद केली. श्वसनाचे आजार डॉक्टरकडे येण्याचं सर्वांत मोठं कारण ठरले. फ्रान्समध्ये असंच डॉक्टरांचं जाळं १९८४ मध्ये उभं राहिलं.

हे सगळं आलेल्यांचं झालं. १९६१ मध्ये वैद्यकीय संशोधक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : हजार प्रौढांमागे महिन्याभरात ७५० जणांना काहीतरी दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, नऊ रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो तो एकच. वैद्यकाची पाठ्यपुस्तकं त्या एकाकडे पाहून लिहिली जात होती. संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं की दोन आजार असलेला माणूस रुग्णालयात येण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे बाहेर ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे दोन आजार वॉर्डात जोडीने नांदताना दिसतात.

मला यातली सर्वांत बोलकी वाटते ती कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातली पाहणी. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी ती १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. खेड्यांतल्या क्षयरुग्णांना आपल्या आजाराची जाणीवच नसते, असा तेव्हा समज होता. संशोधकांनी गावात सापडलेल्या क्षयरुग्णांनाच विचारलं, तर बहुतेकांना लक्षणं कळत होती आणि निम्म्याहून अधिक जण दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून बरेच जण खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले. माणूस आला, खोकला सांगितला, रजिस्टरात ‘खोकला’ लागला आणि क्षय तसाच घरी गेला. दवाखान्यात आपणहून येणाऱ्या खोकल्याच्या रुग्णांची थुंकी तपासा, हे धोरण अशाच अभ्यासांच्या आधारावर उभं राहिलं.

लहान मुलांच्या बाबतीत उलट वाट सापडली : निदानाचा शब्द बाजूला ठेवून मोजता येईल ते मोजायचं. पापुआ न्यू गिनीतल्या फ्रँक शान यांच्या आणि इतरांच्या कामावरून जागतिक आरोग्य संघटनेने निकष ठरवले. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर न्यूमोनिया धरायचा. एक्स-रे नाही, फक्त घड्याळ. मूल शांत हवं आणि मिनिट पूर्ण मोजायचं. गर्दीच्या ओपीडीत हेच अवघड.

प्राथमिक आरोग्यसेवेतल्या दवाखान्यांसाठी आजार-तक्रारींचं वेगळं वर्गीकरण १९८७ मध्ये आलं. त्याने रुग्ण काय सांगत आला आणि डॉक्टरने काय ठरवलं, या दोन्हींना स्वतंत्र जागा दिली. उशिरा सुचलेलं, पण मोलाचं. भारतात १ फेब्रुवारी २०११ या एका दिवसात झालेल्या ‘पोसायडन’ पाहणीतही लक्षणं आणि निदान दोन्ही नोंदवली गेली. ८८० शहरांतल्या डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची ती नोंद होती. निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. एकटं लक्षण म्हणून ताप मात्र सर्वांत वर, ३५.५ टक्के. अर्थात तो फेब्रुवारीतला एक दिवस. तोच फॉर्म पावसाळ्यात भरला असता तर टक्के हलले असते, आणि खेड्यांबद्दल तो फारसं बोलत नाही.

२०२० मध्ये अनेक देशांतल्या दवाखान्यांच्या नोंदींत दम्यासाठी येणारे रुग्ण एकाएकी घटले. हवा सुधारली होती, मास्क होते, सर्दीचे विषाणू फिरत नव्हते. लोक दवाखान्याला घाबरतही होते. यातल्या कशाचा वाटा किती, हे नुसतं रजिस्टर चाळून सांगता येत नाही.